शेवटचा डबा

आगगाडी स्टेशनांत शिरतांना सर्वांचे डोळे इंजिनाकडे लागतात. मुलें इंजिनाला हात करितात, वडील मंडळी आपला डबा शोधूं लागतात, हमाल धांवत सुटतात. आणि गाडी हालली म्हणजे पोंचवावयास आलेले लोक पाठ फिरवून घरची वाट धरितात. अगदीं शेवटच्या डब्याकडे सहसा कोणी पाहत नाहीं. आम्ही मात्र लहानपणीं त्याच डब्याची वाट पाहत असूं. कारण त्यांत आमचे वडील असत.

आमच्या अंबडास रेल्वे नाहीं. मत्स्योदरीच्या टेकडीवर चढून कितीही दूर दृष्टि टाकिली तरी रूळ दिसावयाचे नाहींत. गाडी पाहावयाची तर सुमारें २५ किलोमीटरांवरील जालन्यास जावें लागतें. एकोणिसावें शतक सरून विसावें लागत होतें त्या सुमारास निजामाच्या राज्यांत मनमाड ते सिकंदराबाद असा जो लोहमार्ग झाला, त्यावरचें हें स्टेशन. हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे असें त्या मार्गाचें नांव होतें. जालन्याजवळ बेथेल हें ख्रिस्ती गांव वसविणारे रेव्हरंड नारायण शेषाद्रि १८९१ सालीं वारले. आपल्या मंडळीच्या इतक्या जवळ आगगाडी आलेली पाहण्याचें त्यांच्या नशिबीं नव्हतें. या मार्गाच्या दोन रुळांमधील अंतर बरोबर एक मीटर होतें, म्हणून त्यास मीटरगेज म्हणत. आमचे वडील याच मीटरगेजवर मालगाडीचे गार्ड होते.

आम्ही आठ-नऊ वर्षांचे असूं. जालना स्टेशनांत मालगाडी बराच वेळ खोळंबली होती, तेव्हां वडिलांनीं आम्हांस उचलून आपल्या डब्यांत चढविलें. बाहेरून पाहतां तो डबा म्हणजे चाकांवर ठेविलेली एक लहानशी खोलीच. टोंकाला कठड्याची ओसरी. आंत बसावयास लांकडी बांक. भिंतीवर एक तबकडी, जिच्यावरील कांटा ब्रेकच्या नळींतील निर्वाताचें माप दाखवी. आणि एका उभ्या दांड्यावर बसविलेलें लोखंडी चाक. तें चाक हातानें आवळीत गेलें म्हणजे त्या डब्याच्या चाकांस ब्रेक लागे. आंत विजेचा दिवा नाहीं, पंखा नाहीं, शौचकूप नाहीं. मे महिन्यांत पत्रा तापला म्हणजे बांकावर बसवत नसे आणि पौषांत त्याच बांकावर कांबळें पांघरून रात्र काढावी लागे. शेकडों टन गहूं, सिमेंट व कोळसा ज्याच्या हवालीं, त्या मनुष्यास आपल्या घरच्या बैलाइतकाही निवारा मिळूं नये, याचें आम्हांस आजही नवल वाटतें. वडिलांस त्याचें कांहींच वाटत नसे. ते त्या डब्यास 'आपली खोली' म्हणत.

डब्याच्या कोपऱ्यांत त्यांची पत्र्याची पेटी असे. दर खेपेस ती त्यांच्याबरोबर चढे व त्यांच्याबरोबर उतरे. तींत एक लाल व एक हिरवें निशाण, शिटी, नियमांचें पुस्तक, वेळापत्रक, औषधपाण्याची डबी आणि एक हातकंदील असे. या कंदिलाचा वरचा भाग फिरविला कीं त्याच ज्योतीपुढें कधीं पांढरी, कधीं तांबडी, कधीं हिरवी कांच येई. आम्हांस त्या पेटींतील सर्वांत अधिक कौतुक होतें तें एका गोल डबींतील फटाक्यांचें. ते दिवाळीचे फटाके नव्हेत. रुळावर बांधून ठेविले म्हणजे वरून चाक जातांच ते मोठ्यानें फुटतात व इंजिनचालकास कळतें कीं पुढें धोका आहे. वडील आम्हांस त्या डबीस हातही लावूं देत नसत.

पेटीशिवाय आणखी एक वस्तु होती, ती म्हणजे डब्याच्या पाठीवर टांगलेली पाटी. तिच्यावर 'एल् व्ही' हीं दोन इंग्रजी अक्षरें असत. त्यांचा अर्थ एवढाच, कीं हें शेवटचें वाहन. रात्रीं पाटीऐवजीं तांबडा दिवा असे. आम्हीं विचारिलें, "बाबा, शेवटचा डबा शेवटचा आहे हें लिहावयास कशाला पाहिजे? दिसतोच कीं!"

वडील म्हणाले, "तुला दिसतो, कारण तुला गाडी संपली हें ठाऊक आहे. मधेंच सांखळी तुटून अर्धी गाडी मागें राहिली, तर उरलेल्या अर्धीलाही एक शेवटचा डबा असतोच ना? पण त्याच्या पाठीवर पाटी नसते."

हें उत्तर आम्हांस तेव्हां पुरतें उमगलें नाहीं. पुढें समजलें कीं गाडी आली म्हणजे स्टेशनमास्तर हीच पाटी किंवा हाच दिवा पाहतो. ती दिसली म्हणजे गाडी सगळी आली, मागें रुळावर कांहीं राहिलें नाहीं. मगच तो मागच्या स्टेशनास दुसरी गाडी सोडावयास मोकळीक देतो. इंजिन आलें म्हणजे गाडी आली असें आपण म्हणतों. रेल्वेचा नियम तसें मानीत नाहीं.

वडिलांच्या नोकरीतील एकच रात्र आम्ही येथें सांगतों. परतूरच्या अलीकडे, भर पावसांत, त्यांच्या गाडीचें इंजिन बिघडलें. मध्यरात्र उलटलेली, दोहोंबाजूंस काळ्या रानांतला चिखल, आणि मदतीचें इंजिन येईपर्यंत गाडी जागची हालणार नाहीं हें ठरलेलें. अशा वेळीं गार्डनें काय करावयाचें हें नियमांत लिहिलेलें आहे. मीटरगेजवर त्यानें गाडीच्या मागें ४०० मीटर चालत जाऊन रुळावर एक फटाका ठेवावयाचा, आणि ८०० मीटरांवर आणखी तीन, एकमेकांपासून सुमारें दहा दहा मीटरांवर. ब्रॉडगेजवर हींच अंतरें ६०० व १२०० मीटर आहेत, कारण तेथें गाडीचा वेग अधिक. वडील हाताचा ब्रेक आवळून, तांबडी कांच लावून, एका हातांत कंदील व दुसऱ्यांत ती गोल डबी घेऊन निघाले. स्लीपरांवरून चालतांना पावलें मोजीत गेले. मागून गाडी येणार नव्हती, कारण स्टेशनमास्तरानें ती सोडली नसती. तरीही नियम तो नियम. उजाडेपर्यंत ते पावसांत होते. घरीं आल्यावर आईनें विचारिलें, "जीव घाबरला नाहीं का हो?" त्यावर ते म्हणाले, "पावलें मोजण्यांत घाबरावयास सवड कोठें होती?"

नियम इतके कडक कां, याचें कारण पाहावयास दूर आयर्लंडांत जावें लागेल. १२ जून १८८९ रोजीं आर्मा या गांवच्या मेथडिस्ट मंडळीच्या रविवारच्या शाळेची सहल समुद्रकांठीं निघाली होती. गाडी मुलांनीं व पालकांनीं खचून भरलेली. चढावर इंजिन दमलें. तेव्हां कामगारांनीं गाडीचे दोन भाग केले. पुढचा भाग आधीं वर नेऊन ठेवावयाचा व मग परत येऊन मागचा न्यावयाचा, असा बेत. परंतु त्या गाडीचा निर्वात-ब्रेक साध्या प्रकारचा होता. नळी सुटली कीं सुटलेल्या डब्यांवरील त्याचा जोर नाहींसा होई. मागचे डबे गार्डच्या डब्याच्या एका हातब्रेकवर व चाकांखालीं दिलेल्या दगडांवर थोपवून धरिले होते. पुढच्या भागाचा किंचित् धक्का लागतांच ते उतारावरून मागें धांवत सुटले आणि मागून येणाऱ्या गाडीवर जाऊन आदळले. सुमारें ८० माणसें गेलीं, त्यांत पुष्कळ मुलें. त्याच वर्षीं ब्रिटिश पार्लमेंटनें कायदा करून उतारूंच्या सर्व गाड्यांस असा ब्रेक सक्तीचा केला, कीं जो गाडी तुटतांच आपोआप सर्व डब्यांस लागेल. रविवारच्या शाळेच्या सहलीस मुलें नेतांना आम्हांस ही हकीकत आठवल्यावांचून राहत नाहीं, आणि बसच्या चालकास आम्ही ब्रेकविषयीं विचारितों म्हणून मुलें हंसतात.

असो. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत आमच्याकडील मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आलें. त्याच सुमारास वडील निवृत्त झाले. मीटरगेजचे जुने डबे भंगारांत गेले. २०२२ च्या जानेवारींत 'गार्ड' हें नांवही गेलें आणि त्यांस 'ट्रेन मॅनेजर' म्हणावें असें रेल्वेनें ठरविलें. आतां कांहीं मालगाड्यांच्या शेवटीं माणसाऐवजीं एक यंत्र बसविण्यास आरंभ झाला आहे. गाडी पुरी आहे कीं नाहीं हें तें यंत्र इंजिनास कळवितें. अमेरिकेंत हा बदल १९८० नंतरच्या दहा वर्षांतच झाला. तेथें या डब्यास कबूस म्हणतात. हजारों कबूस एकदम निकामी झाले, तेव्हां तेथील लोकांनीं ते विकत घेऊन कोणीं बागेंत ठेविले, कोणीं त्यांत दुकान थाटलें, आणि कित्येक संग्रहालयांत हौशी मंडळी सुटीच्या दिवशीं जमून त्यांची डागडुजी करूं लागली. आमच्या वडिलांचा डबा मात्र कोणीं राखिला नाहीं. राहिली ती त्यांची पेटी.

वडील वारल्यावर ती पेटी आमच्या घरच्या माळ्यावर होती. झांकणावर त्यांचें नांव व खालीं 'जालना' असें पांढऱ्या रंगानें लिहिलेलें, तें उन्हापावसानें बरेंच पुसट झालेलें. कडांस गंज, एका कोपऱ्यास पोंचा. दोन वर्षांपूर्वीं शाळेच्या स्नेहसंमेलनांत जुन्या वस्तूंचें प्रदर्शन मांडावयाचें ठरलें, तेव्हां आम्हांस ती आठवली. आमच्या वर्गांत एक मुलगा होता. त्याचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवितात व त्याच्या हातीं तें कसब उतरलें आहे. पेटी त्याच्या स्वाधीन करून आम्हीं म्हटलें, "जरा स्वच्छ करून दे, लोकांपुढें ठेवण्याजोगी कर." एवढेंच सांगितलें. अधिक कांहीं सांगितलें नाहीं, हा दोष सर्वस्वीं आमचा.

मुलानें तीन रात्री खपून काम केलें. गंज घांसला, पोंचा काढिला, काळाभोर चकचकीत रंग दिला आणि झांकणावर पिवळ्या अक्षरांत 'गार्डची पेटी' असें इतकें रेखीव लिहिलें, कीं पाहणारा थक्क व्हावा. प्रदर्शनांत सर्वांनीं वाहवा केली. आम्हींही त्याची पाठ थोपटली. प्रदर्शन पाहावयास आई आली होती. ती पेटीपाशीं थांबली, चष्मा वर केला, आणि झांकणावरून हळूहळू बोटें फिरवूं लागली. अक्षरें जेथें होतीं नेमकें तेथेंच. मग कांहीं न बोलतां ती बाजूस जाऊन बसली. घरीं आल्यावर एवढेंच म्हणाली, "चांगली झाली रे पेटी. नवी दिसते."

त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. इतकीं वर्षें मुलांस इतिहास शिकविला, ताम्रपट व शिलालेख यांचें महत्त्व फळ्यावर लिहून दिलें, आणि घरांत असलेला एकुलता एक लेख आपल्याच हुकुमानें पुसून टाकिला.

त्याच हिंवाळ्यांत नववीच्या मुलांस घेऊन आम्ही नागपुरास गेलों. तेथें मोतीबाग येथें नॅरोगेजचें रेल्वे-संग्रहालय आहे. १४ डिसेंबर २००२ रोजीं तें उघडलें. नागपुराहून छिंदवाड्याकडे व नागभीडकडे जाणाऱ्या अडीच फुटी रुळांच्या लहान गाड्या अनुक्रमें २०१५ व २०१९ सालीं बंद झाल्या, त्यांची आठवण आतां येथेंच. मुलें इंजिनांवर चढलीं, घंटा वाजवूं लागलीं. आम्ही एका जुन्या लांकडी डब्यापाशीं रेंगाळत होतों. तेथें एक वृद्ध गृहस्थ नातवास घेऊन आले होते. बोलतां बोलतां कळलें कीं ते रेल्वेच्या कारखान्यांत डब्यांचें सुतारकाम करून निवृत्त झालेले. आम्हीं त्यांस पेटीची हकीकत सांगितली, कां कोण जाणे. अनोळखी माणसापुढें मन मोकळें करणें कधीं कधीं सोपें जातें.

ते प्रथम डब्याविषयींच बोलले. म्हणाले, "मास्तर, लांकडी डबा नेहमीं खालून मरतो. वरून पाहाल तर फळ्या ठणठणीत. पण लांकूड जेथें लोखंडी सांगाड्यावर टेकतें तेथें पाणी मुरतें, आणि उभ्या खांबांचीं बुडें कुजतात. अडाणी माणूस वरून रंग मारतो. जाणता माणूस आधीं खालीं टोंचून पाहतो. कुजलेलें तेवढेंच कापावें, सांधा करून तेवढाच नवा तुकडा बसवावा; बाकीचें जुनें राहूं द्यावें."

"आणि रंग?" आम्हीं विचारिलें.

"रंग कधींही एकदम खरवडून काढूं नये. डबा पन्नास वर्षें चालला तर त्याला दहा वेळां रंग दिलेला असतो. प्रत्येक थर खालच्या थरावर. बारीक पॉलिशपेपर ओला करून रुपयाएवढ्या जागेंत गोल गोल घांसा. लांकडाच्या ओंडक्यावर वलयें दिसतात ना, तशीं रंगांचीं वलयें दिसूं लागतात. मधला सर्वांत जुना. तेव्हां कळतें कीं डबा पूर्वीं कोणत्या रंगाचा होता, अंक कोठें होता, अक्षरें कोठें होतीं." मग किंचित् हंसून म्हणाले, "तुमच्या मुलानें वरून रंग दिला ना? खालचा खरवडला तर नाहीं ना? मग खालचें सगळें अजून आंत असेल."

परततांना गाडींत मुलें झोंपलीं होतीं, आणि आम्ही हातावर हात ठेवून त्या शेवटच्या वाक्याचा विचार करीत होतों. मुलानें गंज घांसला होता. अक्षरेंही घांसलीं असतील तर?

दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे-संग्रहालयांत पतियाळा संस्थानची एकरुळी गाडी आहे, तिचीही आम्हांस त्या प्रवासांत आठवण झाली. ती १९०७ सालीं सुरू झाली. तिचें मुख्य चाक एका रुळावर आणि तोल सांभाळणारें दुसरें चाक रस्त्यावर चाले. १९२७ सालीं ती बंद पडली. पुढें १९६२ सालीं माइक सॅटो या इंग्रज गृहस्थांस तिचे अवशेष पतियाळ्याच्या एका भंगाराच्या आवारांत सांपडले. अमृतसरच्या रेल्वे-कारखान्यानें एक इंजिन दुरुस्त करून पुन्हां चालतें केलें, आणि जुन्या सांगाड्यावर मुख्य अभियंत्याच्या तपासणीचा डबा नव्यानें उभारला. आतां तो डबा जुना म्हणावा कीं नवा? वर्गांत हा प्रश्न घातला तेव्हां मुलांचे दोन तट पडले व तास संपला तरी वाद मिटला नाहीं. आमचें मत विचाराल तर सांगाडा जुना आहे हें पाटीवर स्पष्ट लिहावें, वरचें नवें आहे हेंही लिहावें, आणि मग खुशाल दाखवावा. लपवाछपवी झाली म्हणजे दुरुस्तीचा देखावा होतो.

अंबडास आल्यावर पहिलें अवघड काम पेटीचें नव्हतें, त्या मुलाचें होतें. त्यानें आपला जीव ओतून दिलेला रंग आम्ही काढणार, हें त्यास कसें सांगावें? दोन दिवस टाळाटाळ केली. शेवटीं त्यास घरीं बोलाविलें आणि आईच्या समक्ष सर्व सांगितलें. चूक आमची, हेंही सांगितलें. मुलगा खालीं मान घालून ऐकत होता. मग म्हणाला, "सर, मला वाटलें होतें तिथें नांव आहे. मीं विचारावयास हवें होतें. पण तुम्हीं नवी कर म्हणालांत ना."

"तूं अक्षरें घांसलींस का?"

"कडा घांसल्या, सर. मध्यें नुसता कपडा फिरविला. तें नांव घांसवेना."

आईनें त्याच्यापुढें चहा ठेविला.

तेव्हांपासून सवड मिळेल त्या शनिवारीं दुपारीं तो व आम्ही ओसरीवर पेटी घेऊन बसतों. ओला पॉलिशपेपर, एक वाटी पाणी, जुनें धोतर फाडून केलेलीं फडकीं. काळ्याखालीं एक तपकिरी थर लागला, वडिलांच्या आधींच्या कोणा गार्डचा असावा असें आम्हांस वाटलें होतें, परंतु आई म्हणाली, "छे, तो मींच दिला होता. तुझ्या बहिणीच्या लग्नाआधीं, घराच्या दाराला आणलेला उरला होता म्हणून." म्हणजे नांव त्या तपकिरी रंगावर लिहिलेलें. मुलाचा हात आमच्यापेक्षां हलका; तोच अक्षरांपाशीं घांसतो, आम्ही पाणी घालतों. कांहीं ठिकाणीं नवा रंग निघतांना जुनें अक्षरही थोडें निघालें. तें पुन्हां लिहावें असें त्यास वाटत होतें, व त्याचा हात तें हुबेहूब लिहील यांत शंका नाहीं. पण आम्हीं दोघांनीं मिळून तें तसेंच ठेवावयाचें ठरविलें. एक गोष्ट मात्र आईच्या सांगण्यावरून ठरली. पेटीच्या मागच्या बाजूचा काळा रंग काढावयाचा नाहीं, आणि झांकणावरचीं त्याचीं पिवळीं अक्षरें जातील म्हणून तीं त्यानें त्या मागच्या बाजूवर पुन्हां लिहावयाचीं, खालीं आपलें नांव व सालासह.

'जालना' पुरतें वाचतां येतें. वडिलांच्या नांवाचीं पहिलीं तीन अक्षरें वर आलीं आहेत. आडनांव अजून काळ्याखालींच आहे. मुलाची आतां दहावीची परीक्षा आहे, म्हणून काम मार्चनंतर पुढें चालेल. कंदिलाची हिरवी कांच फुटलेली होती ती तशीच आहे; तांबडी शाबूत आहे. मागच्या शनिवारीं आईनें वात घालून तो पेटवून पाहिला, आणि अंधार पडेपर्यंत ओसरीवर तसाच राहूं दिला.